साहेबांचा गाल

मधलीच्या कामाला धड नाव नव्हतं. पगाराच्या कागदावर काहीतरी लांबलचक लिहिलेलं असायचं, पण आईला कुणी विचारलं, "तुमची मधली करते तरी काय हो," तर आई सरळ सांगायची, "कॉम्प्युटरवर लोकांची हाडं निवडते." तांदूळ निवडावेत तशी. आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

म्हणजे काय, तर दवाखान्यातलं स्कॅनचं मशीन माणसाच्या आत बघतं ते पाव कापल्यासारखं, चकत्या चकत्यांनी. त्या चकत्यांची फाईल दवाखान्याच्या सॉफ्टवेअरला कळते. पण त्याच चकत्यांवरून हाताला लागेल असा जबडा किंवा गुडघा बनवायचा, तर त्याचं सॉफ्टवेअर वेगळं, ते चित्रं आणि खेळणी करणाऱ्यांच्या घरातलं. त्याला चकत्या नको असतात. त्याला लागते जाळी. बारीक बारीक त्रिकोण एकमेकांना शिवून केलेली, आतून पोकळ, नुसती वरची कातडी. ही दोन सॉफ्टवेअरं म्हणजे एका घरातल्या न बोलणाऱ्या दोन जावा. एक मिलिमीटरने मोजते, दुसरी मनाला येईल त्याने. एकीचं डावं ते दुसरीचं उजवं. आणि मधली या दोघींच्या मधे निरोप्या. निरोप नीट पोचला तर कुणी नाव काढत नाही, चुकला तर दोघी मिळून हिच्या नावाने बोटं मोडतात. एकदा एका म्हाताऱ्याचा गुडघा मापाच्या गोंधळात एवढा मोठा होऊन बसला की प्रिंटरने कळवलं, हे माझ्याने व्हायचं नाही, याला खोली बांधा. त्यावर मधली हसली होती. साहेब नव्हते हसले.

त्याआधी मधली फोटो स्टुडिओत होती. लोक फोटो काढून जायचे आणि ही त्यांच्या तोंडावरचे डाग, तीळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसून ठेवायची. जुन्या फोटोत कुणाचा कान वाळवीने खाल्लेला असला तर दुसऱ्या कानावरून नवा करून बसवायची. बायका फोटो बघून म्हणायच्या, "अगं बाई, ही मी?" आणि तो पर्समध्ये जपून ठेवायच्या. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला, स्टुडिओला कुलूप लागलं आणि मधली साहेबांकडे लागली. लग्नाचं राहून गेलं होतं ते राहूनच गेलं. थोरली लग्न होऊन लांब गेलेली, घरात ती आणि आई, चार गल्ल्या पलीकडे धाकटी आणि तिचा नवरा. या कामाने तिला एक खोड मात्र लावली. समोरचा माणूस तिला तोंडाने कमी आणि जबड्याने जास्त ओळखू यायचा. भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही ही मनात म्हणायची, याचं डावीकडचं हाड कधीतरी मोडून बसलेलं दिसतंय.

साहेबांचं दुकान चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर होतं. एका वेळी एकच माणूस चढेल असा जिना, वर दोन खोल्या. पुढच्या खोलीत साहेब, त्यांची फिरती खुर्ची आणि काचेचं कपाट. मागच्या खोलीत मधली, दोन कॉम्प्युटर आणि प्रिंटर. हा कागदावर छापणारा प्रिंटर नव्हे. हा ट्रेमधल्या दाट, चिकट द्रवातून एकेक थर जमवत वस्तूच वर काढायचा. त्याचा वास इतका उग्र की मधली घरात शिरली की आई म्हणायची, "आधी केस धू, मग बोल."

सकाळी डॉक्टरांची हाडं. दुपारनंतर बाळं.

बाळं ही साहेबांच्या डोक्यातली गोष्ट. पोटातल्या बाळाची सोनोग्राफी आता अशी निघते की चेहरा उठून दिसतो. ती फाईल आणायची, तिची जाळी करायची, आणि बाळ यायच्या आधीच त्याचा चेहरा आईबापांच्या हातात ठेवायचा. पांढरा, तळहातावर मावेल एवढा. लोकांना वेड लागलं. साहेब म्हणायचे, "बाई, हाडं माणूस नाइलाजाने घेतो. बाळ हौसेने घेतो."

पण पोटातलं बाळ काही फोटोला बसल्यासारखं बसत नाही. कुणी तोंडापुढे हात धरतं, कुणी पाठ करतं, कुणाच्या गालावर नाळेचा वेढा पडलेला असतो. जिथे मशीनला दिसत नाही तिथे जाळीला भोक पडतं. मग चेहरा उंदराने कुरतडल्यासारखा. असला चेहरा हातात दिला तर आईबाप तो परत करतील. म्हणून मधे येणारा हात कापून टाकायचा, नाळ कापून टाकायची आणि उरलेल्या भोकावर गाल बसवायचा.

कुणाचा गाल, तर साहेबांच्या नातवाचा. दुकान नवं असताना पहिली चांगली फाईल निघाली ती साहेबांच्या सुनेची. भोक नाही, मधे हात नाही, पूर्ण चेहरा. मधलीने त्यातून गाल, ओठ, हनुवटी वेगळी काढून ठेवली होती. ज्याला जिथे कमी पडेल तिथे ते ताणून, दाबून, वेळ पडली तर उलटं करून लावायचं आणि वरून सगळं गुळगुळीत करायचं. या सगळ्या ठेव्याला दुकानात 'साहेबांचा गाल' म्हणत. गावातल्या निम्म्या बाळांना साहेबांचा गाल होता. मधली कधीमधी म्हणायची, "सर, तुमचं खटलं फार वाढलंय हो." साहेब खूश होऊन हसायचे. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. बाळ स्वतःचा गाल घेऊन घरी यायचं आणि ते पांढरं खेळणं फडताळात धूळ खात पडायचं.

धाकटीचं बाळ घरी आलं नाही.

धाकटीला फार वर्षांनी दिवस गेले होते. आठवा लागला होता. एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना तिला वाटलं, आज आत काही हलत नाही. थोडं गोड खाऊन पाहिलं, कुशीवर पडून पाहिलं, मग नवऱ्याला फोन केला. दवाखान्यात बाळ निघालं. मुलगा. रडला नाही. तिथल्या बाईंनी विचारलं, "आईला दाखवायचंय का?" धाकटी गुंगीत होती, उत्तर तिच्या आईने दिलं. "नको. बघितलं की जन्मभर डोळ्यांपुढे राहतं. नाही बघितलं तर विसरेल." आईचं स्वतःचंही एक असंच गेलं होतं, धाकटीच्या आधीचं, आणि तेव्हा तिला कुणी विचारलंही नव्हतं. तिच्या हिशोबाने हेच मायेचं होतं. धाकटीच्या नवऱ्याने दुपट्यात गुंडाळलेलं ते हातात घेतलं आणि एकटा जाऊन जे करायचं ते करून आला. जाताना तो बाकावर बसलेल्या मधलीच्या समोरून गेला. तिने मान खाली घातली.

आईचा हिशोब एवढाच चुकला की विसरायला आधी काहीतरी आठवावं लागतं. धाकटीला आठवायला काहीच नव्हतं, त्यामुळे ती दिवसभर तेच शोधत बसायची. नवऱ्याला विचारायची, "कसा होता?"

"लहान होता."

"नाक कुणासारखं होतं?"

"शांत होता गं."

तो काही वाईट माणूस नव्हता. तिला ताट वाढून द्यायचा, धुणं वाळत घालायचा, तिच्या केसांना तेलसुद्धा लावून द्यायचा. पण त्या एका गोष्टीवर त्याच्या तोंडाला कुलूप आणि किल्ली त्याची त्यालाही सापडत नसावी. धाकटी औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची, तिथे जायचं तिने सोडून दिलं. मग अंघोळ सोडली. मग पलंगावरून उठणंच सोडलं.

आणि एका संध्याकाळी तीच धाकटी पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून आईच्या दारात उभी.

"ताई, तुमच्याकडे पोटातल्या बाळांचे चेहरे करून देतात ना?"

मधली भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "देतात."

"मग माझ्याचा करून दे."

"अगं..."

"सातव्यात सोनोग्राफी केली होती की. तो माणूस म्हणाला होता, चेहऱ्याची मोठी फाईल आहे, हवी तर घेऊन जा. मीच म्हटलं, फाईल काय करायचीय, बाळच येणार आहे."

आतून आई म्हणाली, "कशाला उकरून काढतेस आता ते."

"तू बोलू नकोस आई," धाकटी आवाज न चढवता म्हणाली. "तुझं बोलून झालंय."

त्या घरात आईला असं कुणी कधी बोललं नव्हतं.

धाकटी मधलीजवळ येऊन खाली बसली. "मला बाकी काही नको. तो कसा होता एवढं एकदा बघायचंय. बघितलं की मी उठेन ताई. कामावर जाईन. तुझी शपथ."

मधलीच्या हातात तेवढ्या वेळात भाजीची नुसती देठं उरली होती, पानं तिने केरात टाकली होती. "बघते," ती म्हणाली.

सोनोग्राफीवाला म्हणाला, "बरं झालं वेळेवर आलात. मशीन भरत आलंय, जुनं सगळं पुसणारच होतो." त्याने फाईल स्वतःच्या पेनड्राईव्हवर घालून दिली आणि पेनड्राईव्ह परत हवाय असं दोनदा बजावलं.

रविवारी दुकान बंद असतं. मधलीने साहेबांकडून किल्ली मागून घेतली आणि सकाळीच एकटी जाऊन बसली. फाईल उघडली. राखाडी, धुरकट चकत्या एकीमागून एक आल्या. त्यांची जाळी झाली आणि पडद्यावर चेहरा वर आला.

कपाळ. एक मिटलेला डोळा. नाक, पण अर्धंच. आणि बाकीच्या अर्ध्यावर मूठ. घट्ट वळलेली, अंगठा आत घेतलेला, पेरांच्या वळ्या दिसतील इतकी स्वच्छ. मुठीमागे ना गाल, ना ओठ.

मधलीने ते सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. या टेबलाशी तिने कितीतरी बाळं पाहिली होती. ती सगळी लोकांची होती. हा तिचा भाचा होता. दवाखान्याच्या बाकावर ज्याच्याकडे पाहायचं तिने टाळलं, तोच आता समोर होता, आणि अर्धा. काय करावं तिला सुचेना, आणि सुचत नसलं की माणूस रोजचं करतो. तिने मूठ निवडली आणि कापली.

कापल्यावर उरलं त्याला चेहरा म्हणवत नव्हतं. फुटलेल्या कपासारखं काहीतरी उरलं. हे धाकटीच्या हातात द्यायचं? जी दोन वेगळ्या चपला घालून दारात आली तिच्या? मधली खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली चष्म्याच्या दुकानाच्या पाटीवरचे दोन मोठे डोळे रस्त्याकडे बघत होते. ती परत येऊन बसली आणि साहेबांचा गाल काढला.

इतकं बेमालूम काम तिने उभ्या जन्मात केलं नव्हतं. डावा डोळा उजव्यावरून करून बसवला, गाल ताणला, ओठ थोडे मिटवले, हनुवटी धाकटीसारखी जराशी टोकदार केली. शिवण कुठे ते तिचं तिलाच दिसेना, तरी वरून पुन्हा सगळं गुळगुळीत केलं. मग छपाईला लागते त्या जातीच्या फाईलमध्ये जतन केलं. त्या फाईलला मागचं काही आठवत नसतं. कुठला त्रिकोण दवाखान्यातून आला आणि कुठला साहेबांच्या ठेव्यातून, तिला सगळे सारखे. तिला फक्त कातडी ठाऊक, सलग एक कातडी.

आणि दुकानाची रीत अशी की काम झालं की दवाखान्याची मूळ फाईल पुसायची. लोकांचं खाजगी असतं, शिवाय जागा फार खाते. मधलीने पुसली. पेनड्राईव्ह रिकामा करून सोमवारी परत दिला. हात सवयीने चालत होते. आजचं काम निराळं आहे हे हातांना सांगायला तिथे दुसरं कुणी नव्हतं.

धाकटीने ते पांढरं तोंड हातात घेतलं तेव्हा मधलीने पाण्याचा ग्लास जवळ ठेवला होता, ही रडेल म्हणून. ती रडली नाही. "गार आहे," एवढंच म्हणाली. मग अंगठ्याने कपाळावरून, नाकावरून, गालावरून हळूहळू जाऊ लागली, आंधळी माणसं चाचपतात तशी. अंगठा डाव्या डोळ्याखाली थांबला.

"इथे खळगा आहे. बघ आई. बाबांना होता ना असा?"

आईने चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि इतके दिवस कोरडी राहिलेली ती बाई एकदम ढसढसा रडायला लागली. "अगदी त्यांच्यावर गेला होता गं. अगदी तस्साच."

मधलीला तोंड उघडायचं तर ती वेळ होती. ती म्हणाली, "चहा टाकते."

धाकटीचा नवरा आल्यावर तिने ते त्याच्या हातावर ठेवलं. खरा चेहरा पाहिलेला माणूस घरात तेवढा एकच. त्याने बराच वेळ पाहिलं. मग "छान झालंय" म्हणाला आणि गाडीत हवा आहे का ते बघायला खाली गेला. हवा त्याने त्याच सकाळी भरून आणली होती.

धाकटी दिल्या शब्दाप्रमाणे उठली. न्हायली, काउंटरवर जायला लागली. चेहरा रुमालात गुंडाळून पर्समध्ये असायचा. मधे गिऱ्हाईक नसलं की रुमाल उलगडून बघायची. आई शेजारणीला सांगायची, "मधलीने बहिणीला परत आणलं हो." मधली ते ऐकायची आणि स्वतःची समजूत घालायची की फोटोतल्या खोट्या कानाने कुणाचं वाकडं झालं होतं? पण मग एक दिवस कुणाला न सांगता ती सोनोग्राफीवाल्याकडे जाऊन आली. तो म्हणाला, "तेव्हाच पुसलं की हो सगळं. का, काही राहिलं होतं का?"

"नाही," मधली म्हणाली. "सहज."

आईलाही याच चेहऱ्याचा आणखी एक छापून द्यावा, असं धाकटीच्या मनात आलं. आईशी त्या दिवसापासून ती तुटक वागत होती, ते तिला मिटवायचं होतं. मधलीला चकित करावं म्हणून ती न सांगताच साहेबांच्या दुकानाचा जिना चढली. मधली मागच्या खोलीत, दार लोटलेलं, प्रिंटर घरघरत होता. साहेबांनी धाकटीला कधी पाहिलं नव्हतं. नव्या गिऱ्हाइकाकडे हसतात तसे ते हसले.

"या, या. बसा. कितवा महिना?"

धाकटी बसली नाही. ती काचेच्या कपाटाकडे बघत होती. आत नमुन्याची बाळं ओळीने मांडलेली होती, झोपलेली, पांढरी. ती जवळ गेली. एकाकडे पाहिलं, शेजारच्याकडे पाहिलं, खालच्या फळीवर पाहिलं.

"यांच्या सगळ्यांच्या डोळ्याखाली खळगा आहे," ती म्हणाली.

"नजर चांगली आहे तुमची." साहेबांना बोलायला विषय मिळाला. "तो आमच्या नातवाचा गाल. त्याचं काय असतं, पोटातलं बाळ पूर्ण दिसेलच असं नाही. मग ज्याला जेवढं कमी पडेल तेवढं आम्ही यातून लावतो. कळतसुद्धा नाही. आणि गंमत सांगू? नातू आता शाळेत जातो, पण त्याच्या गालाला खळगा-बिळगा काही नाही. ती नाळेची सावली पडली होती स्कॅनमध्ये. म्हटलं राहू दे, गोड दिसते."

धाकटीने पर्समधून रुमाल काढला, उलगडला. "यात किती कमी पडलं होतं?"

साहेबांनी ते हातात घेऊन उजेडाकडे धरलं. "वा. आमच्या बाईंचं काम. बघा, शिवण सापडते का."

तेवढ्यात आवाज ओळखून मधली दारात आली. धाकटीने साहेबांच्या हातातून चेहरा परत घेतला.

"ताई, यातलं माझं किती?"

मधलीचा हात दाराच्या कडीवर होता, तिथेच राहिला. साहेब एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. उशिरा का होईना त्यांना कळलं, आणि खाली चष्मेवाल्याकडे काही काम निघाल्यासारखे ते जिना उतरून गेले.

"कपाळ तुझं," मधली म्हणाली. "उजवा डोळा. नाकाची ही बाजू."

"तोंड?"

"नाही."

"मी रोज त्या तोंडाचा..." धाकटीने वाक्य गिळलं. मग म्हणाली, "मूळचं काढून दे. असेल तसं. भोकं असू देत."

"मूळ पुसलं गं."

"सोनोग्राफीवाल्याकडे असेल."

"नाही. मी विचारून आले."

"म्हणजे तुला ठाऊक होतं, हे मी कधीतरी विचारणार."

मधलीने दाराची कडी सोडली.

"मग जे लावलंस ते काढ. लावता येतं तर काढताही येत असेल."

मधलीने तिला मागच्या खोलीत नेलं, शेजारी स्टूल दिलं आणि पडद्यावर चेहरा उघडला. त्यावर साहेबांचा गाल आणून ठेवला. दोन्ही जिथे जुळतील तिथे रंग लाल, जिथे जुळणार नाहीत तिथे निळा, असं करता येतं. ओठ आणि हनुवटी लाल झाली. कपाळ निळं झालं. पण मधल्या भागाला धड रंगच येईना. ताणताना, दाबताना, गुळगुळीत करताना दोन्हीकडचं एकमेकांत उतरलं होतं, दुधात पाणी उतरावं तसं. तिने पुन्हा केलं. वेगळ्या मापाने केलं. पट्टा तेवढाच राहिला, डोळ्याच्या कडेपासून नाकाच्या बुंध्यापर्यंत.

"इथपर्यंत नक्की त्यांचं. इथून वर नक्की तुझं. मधलं मला सांगता येत नाही."

"अंदाजाने सांग."

"अंदाजानेच तर हे सगळं केलं मी."

प्रिंटर थांबला, त्याने काम झाल्याची शिटी दिली. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"पण एवढं अर्धं तोंड का दिसलं नाही मशीनला?" धाकटीने विचारलं. "दुसऱ्या बाळांचं दिसतं."

"हात होता पुढे."

"कुणाचा?"

"त्याचाच. मूठ धरली होती तोंडाशी."

धाकटी स्टुलावर सरळ झाली. "मूठ दिसत होती?"

इथे मधलीला खोटं बोलता आलं असतं. धुरकट होती, असं म्हटलं असतं तर धाकटीला कळण्याची सोय नव्हती.

"दिसत होती. चेहऱ्यापेक्षाही नीट. अंगठा आत होता. पेरांवरच्या वळ्या दिसत होत्या."

"मग ती कुठाय?"

"कापली. सगळ्यांचीच कापतो आम्ही. चेहरा दिसावा म्हणून."

धाकटीने आपला हात मांडीवर घेतला आणि मूठ वळली, अंगठा आत घेऊन. "अशी?"

"अशी."

ती त्या मुठीकडे बघत बसली. खालून साहेबांचा आणि चष्मेवाल्याचा बोलण्याचा आवाज येत होता, कुठल्याशा गटाराच्या दुरुस्तीबद्दल.

"मी करून देईन," मधली म्हणाली. "मला आठवते ती. हाताने करेन, जशीच्या तशी."

"नको. ती तुझी मूठ होईल."

मधलीने उगाचच कॉम्प्युटरवरचा चेहरा जरा फिरवला, मग परत सरळ केला. धाकटीने रुमालातला चेहरा टेबलावर ठेवला. तिथे पॉलिश पेपरचे तुकडे पडले होते. छापून निघालेल्या वस्तूंना आधाराचे बारीक काटे राहतात, ते घासायला लागतात. तिने एक तुकडा उचलला, बोटावर ओढून पाहिला.

"याने हे निघतं?"

"निघतं."

धाकटीने हनुवटीपासून सुरुवात केली. पांढरी भुकटी टेबलावर पडू लागली. हनुवटी बोथट झाली, मग ओठांची रेघ पुसट झाली, मग गेली. ती घाईत नव्हती, रागातही नव्हती. स्वयंपाकघरातलं करपलेलं भांडं घासतात तसं खालमानेने घासत होती. गाल सपाट झाला. खळगा गेला.

"इथपर्यंत त्यांचं ना?"

"हो."

"आणि हे?"

"माहीत नाही गं."

धाकटी थांबली. मिटलेल्या डोळ्याची कड तिच्या बोटाखाली होती. हे ठेवलं तर त्यात दुसऱ्याचंही कणभर राहणार होतं, आणि घासलं तर आपल्याचंही थोडं जाणार होतं. तिने मधलीकडे पाहिलं, जणू ही अजूनही काही सांगेल.

धाकटी पुन्हा घासू लागली. वस्तू आता लहान झाली होती, भुकटीने निसरडी झाली होती, सारखी बोटांतून निसटत होती. तेव्हा मधलीने खुर्ची पुढे ओढली आणि ती दोन्ही हातांनी टेबलावर घट्ट धरून ठेवली, हलू नये म्हणून.